एकाच खोलीपुरते पॉइंट

हॉटेल निवडायच्या बाबतीत मी कोणाचं ऐकून घेत नाही. औषधपाण्यात ऐकीन, साडीच्या रंगात तर शेजारणीचंही ऐकीन, पण उतरायचं कुठे हे मला कोणी शिकवू नये. माझी सारी नोकरी एका बियाणं कंपनीत हिशेब तपासण्यात गेली. कंपनीची मुख्य कचेरी अकोल्याला, माझं घर अमरावतीत. दौरा नसला की बडनेऱ्याहून गाडी धरून अपडाऊन, आणि दौरा असला की इंदूर, रायपूर, सिकंदराबाद, कोइमतूर, जिथे कंपनीचा डेपो तिथे मी. सुरुवातीला आम्हाला स्टँडसमोरच्या लॉजवर उतरवायचे. पुढे कंपनीला बरे दिवस आले आणि एका मोठ्या हॉटेलवाल्यांशी तिचा करार झाला. मग गाव कोणतंही असो, खोली तीच. तोच पांढरा पलंग, तीच किटली, तोच कपाटातला इस्त्रीचा फळा. कोणत्या मजल्यावरची खोली मागायची, लिफ्टजवळची का नको, आंघोळीचं पाणी पाहिल्याशिवाय सही का करायची नाही, हे सगळं मला झोपेतही सांगता येईल.

या मुक्कामांचे पॉइंट मिळतात, हे मात्र मला फार उशिरा कळलं. तुम्ही त्यांच्याकडे राहिलात की ते तुमच्या खात्यात पॉइंट टाकतात, आणि पुरेसे साठले की एखाद्या मुक्कामाला खोली फुकट. माझ्या मुलीने एकदा सुटीत बसून माझी नोंदणी करून दिली. मी म्हटलं, बिल तर कंपनी भरते, मग पॉइंटही कंपनीचेच ना? तर नाही. जो पलंगावर झोपतो, पॉइंट त्याचे. हा नियम ज्याने काढला त्याचं कल्याण होवो. नोकरीने मला दिलेल्या गोष्टींपैकी एवढी एकच अशी होती, जिच्यावर दुसऱ्या कोणाची सही लागत नव्हती.

मी निवृत्त झाले आणि काही महिन्यांनी हॉटेलवाल्यांचा संदेश आला, की बरेच दिवस तुमचा मुक्काम झाला नाही, पॉइंट वापरा नाहीतर रद्द होतील. माझं डोकंच फिरलं. रद्द होतील म्हणजे काय? पण योग बघा, त्याच सुमारास मुलीने पर्थला घर घेतलं. घर पाहावं बांधून म्हणतात, तिने पाहिलं बँकेच्या जिवावर, पण पाहिलं. मे महिन्यात वास्तुशांत ठरली. आम्ही दोघांनी जायचं ठरलं. आमच्या ह्यांची कंबर अधूनमधून धरते, एका दमात एवढा प्रवास नको म्हणून मुलीनेच सुचवलं की वाटेत बालीला उतरा, दोन रात्री राहा, मग पुढचं विमान धरा. मी खातं उघडून बघितलं. बालीत आमच्या हॉटेलवाल्यांची तीन हॉटेलं होती.

मला ते दोन दिवस का हवे होते, ते सांगून टाकते. आमचं लग्न होऊन तीसेक वर्षं झाली. आमचे हे संत्र्याचे व्यापारी. वरूड, शेंदूरजनाघाटकडचे बगीचे झाडावरच घ्यायचे, तोड करायची, माल भरून पाठवायचा. हंगामात ते वरूडला, मी दौऱ्यावर. हंगाम संपला की घर पाहुण्यांनी भरलेलं. अमरावतीत दवाखाने आहेत, कॉलेजं आहेत, त्यामुळे अकोल्याकडच्या साऱ्या भावकीत कोणाचं पोट दुखलं किंवा कोणाचं पोरगं बारावी झालं की बॅग आमच्या घरी. मी कोणाला नाही म्हटलं नाही आणि मला त्याचं दुःखही नाही. पण आम्ही दोघंच, समोरासमोर, तिसरं माणूस नाही, असे दोन दिवस मला आठवून सापडेनात. लग्नानंतर चिखलदऱ्याला गेलो होतो, तेव्हासुद्धा सोबत नणंद होती. मला नवऱ्यासोबत दोन दिवस हवे होते, आणि ते माझ्या पॉइंटांवर हवे होते. एवढीच गोष्ट.

निवड करायला मी ह्यांचीच पद्धत वापरली. बगीचा घ्यायला गेले की हे रस्त्याकडच्या झाडांकडे बघतही नाहीत. ती झाडं मालकाने दाखवायला जपलेली असतात. हे सरळ पार पलीकडच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधाशी जातात, जिथे पाणी सगळ्यात शेवटी पोचतं, आणि तिथल्या झाडाचं फळ बघून साऱ्या बगीच्याचा भाव बोलतात. मीही हॉटेलवाल्यांनी टाकलेले फोटो बघितले नाहीत. निळं पाणी आणि खुर्चीवर पसरलेली बाई, हे सगळीकडे सारखंच. मी राहून गेलेल्या लोकांच्या तक्रारी वाचायला बसले, त्याही सगळ्यात चिडलेल्या माणसापासून.

पहिलं हॉटेल विमानतळाजवळ, बाजारात. पॉइंट कमी लागत होते, इतके कमी की दोन रात्रींसाठी दोन खोल्या झाल्या असत्या. पण तक्रारी बघाव्या तर समोरच्या नाचगाण्याचा आवाज, खिडकी उघडली की पलीकडची भिंत. दुसरं होतं कड्यावर, समुद्राच्या अगदी माथ्यावर. तिथे सगळी नवी लग्नं झालेली पोरं. पलंगावर टॉवेलचे हंस आणि फुलांचा बदाम. आमच्या ह्यांनी तो बदाम बघितला असता तर फुलं गोळा करून देवाला वाहिली असती. शिवाय पायऱ्याच पायऱ्या, आणि ह्यांची कंबर. तिसरं हॉटेल होतं जुनं, बैठं, एका शांत किनाऱ्याला लागून. तिथल्या तक्रारी वाचताना माझा जीव हरखत गेला. एकाने लिहिलं होतं, पहाटे कोंबडे आरवतात. एकाने लिहिलं होतं, नाश्त्याला भाताची पेज देतात. एका बाईने लिहिलं होतं, इथे सगळी वयस्कर माणसं येतात. आणि एक तरुण तर फार संतापला होता. त्याने लिहिलं होतं की इथे करण्यासारखं काहीच नाही.

मी त्याच क्षणी ठरवलं. माझ्या पॉइंटात तिथे दोन रात्रींसाठी एक खोली बसत होती, एकच. मला दुसरी नकोच होती.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिने केला. वऱ्हाडात माणूस कुठे निघाला आणि दारात कोणी भेटलं, तर त्याला 'चाला ना तुमीबी' म्हटल्याशिवाय पाय उचलत नाही. तुम्ही दळण आणायला निघा नाहीतर काशीला, 'चाला' म्हणायचंच. आणि समोरच्याने 'नाही बावा, तुमी या जाऊन' म्हणायचं. बोलावणारा मनापासून बोलावतो, नाही म्हणणारा मनापासून नाही म्हणतो, आणि दोघंही समाधानाने आपापल्या वाटेने जातात. पिढ्यानपिढ्या हे सुरळीत चाललेलं आहे.

अकोल्याजवळ आमच्या भासऱ्यांचं, म्हणजे ह्यांच्या मोठ्या भावाचं शेत आहे. उन्हाळा लागता लागता त्यांनी शेतात रोडग्यांचा बेत केला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणकेचे रोडगे भाजले, वांग्याची भाजी झाली, तूप ओतून माणसं निंबाच्या सावलीला कलंडली. तेव्हा ह्यांनी पर्थची गोष्ट काढली. वास्तुशांतीचं आमंत्रण भासऱ्यांना आणि जाऊबाईंना मुलीने फोनवर दिलंच होतं, त्यात मला आनंदच होता. पण हे तेवढ्यावर थांबले नाहीत. वाटेत बालीला दोन दिवस आहोत, हॉटेल फुकटात आहे, हिच्या पाइंटावर, तर दादा, चाला ना तुमीबी.

भासऱ्यांनी 'नाही बावा' म्हणायला हवं होतं. ते रीतीत बसलं असतं. पण फार पूर्वी शेतकऱ्यांच्या एका दौऱ्यासोबत इस्रायलला जायचं म्हणून त्यांनी जोडीने पासपोर्ट काढले होते. तो दौरा रद्द झाला. पासपोर्टची मुदत संपली तेव्हा त्यांनी जिद्दीने नवे काढले, तेही कपाटात पडून होते. तूप लागलेला हात धोतराला पुसत ते म्हणाले, ‘चाला. कोरा पासपोर्ट घेऊन मराचं हाये का मले?’

मी हातातला तांब्या खाली ठेवला. हेही क्षणभर गडबडले, ते मी बघितलं. पण एकदा 'चाला' म्हणून गेल्यावर मागे घ्यायची सोय आमच्याकडे नाही. परतीच्या वाटेवर गाडीत बडनेरा येईपर्यंत ह्यांनी स्वतःच मार्ग काढला, की ते बाजारातलं हॉटेल घे, तिथे दोन खोल्या होतात ना, चौघं मिळून राहू, खिचडी टाकू, दादालाही बरं वाटेल. मी म्हटलं, मला त्या हॉटेलात राहायचं नाही. तर म्हणाले, झोपायलाच तर जायचं आहे. मग शांत किनाऱ्यावरच्या एकाच खोलीत खाली गाद्या टाकून चौघं झोपू, असंही सुचवून झालं. लग्नाच्या जानवशात झोपतात तसं. फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण माझ्या नोकरीच्या पॉइंटांवर भासऱ्यांची गादी पडावी, हे मला पचणारं नव्हतं.

‘तुले त्या दोन दिवसात असं कराचं तरी काय हाये?’ त्यांनी विचारलं.

‘काहीच नाही,’ मी म्हटलं. ‘तुमच्यासंगं काहीच नाही कराचं. तेच कराचं हाये मले.’

त्यांना ते कळलं नाही. त्यांना वाटलं मी रागात उलटं बोलते आहे. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. त्या आठवड्यात मी तिसऱ्या हॉटेलची खोली पॉइंट देऊन पक्की केली, रद्द करता येणार नाही अशी. मग अकोल्याची गाडी धरली.

ताकाला जाऊन भांडं लपवायचा माझा स्वभाव नाही. जाऊबाई गच्चीवर कुरड्या घालत होत्या. सकाळचं ऊन होतं, पण अकोल्याचं, त्यामुळे डोक्यावर ओला पंचा. मीही पदर खोचला, दुसरा सोऱ्या हातात घेतला आणि दोनचार कुरड्या पाडून सरळ सांगितलं. ताई, पर्थला आपण सगळे मिळून जाऊ, महिनाभर एकत्र राहू, मी तुमच्या हाताखाली काम करीन. पण बालीचे दोन दिवस मला ह्यांच्यासोबत एकटीला हवे आहेत. खोली एकच आहे आणि मी ती कोणाला देणार नाही. तुमचं विमान दुसरं काढू. तुम्हाला वाईट वाटलं तर मला इथेच बोला.

जाऊबाईंनी हात थांबवला नाही. त्या वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या, साऱ्या भावकीचा स्वयंपाक ज्यांनी ओढला अशा. मला वाटलं होतं, लाज काढतील. या वयात नवऱ्यासोबत एकटीला राहायचं म्हणतेस, म्हणतील. त्या कुरडई गोल संपवून म्हणाल्या, ‘एवढ्यासाठी तोंड पाडून बसली होती का त्या दिवशी शेतात? मले कोठी बालीफाली जाचं हाये व. मले सरळ पोरीच्या घरी जाऊन पाय पसरून बसाचं हाये. मले वाटलं, तुलेच सोबत पाह्यजे.’

आणि मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, की यायले, म्हणजे भासऱ्यांना, मी सांगीन, तू मधात पडू नको.

त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. भासऱ्यांचं आणि जाऊबाईंचं तिकीट दुसऱ्या विमानाचं निघालं, आमच्या आधी पर्थला पोचणारं. वाटेत उतरणं नाही. भासऱ्यांचा रोज सकाळी येणारा सुविचार मात्र मोबाइलवर येईनासा झाला. ह्यांच्या मोबाइलवर येत होता, माझ्याच नाही. मी मनाला लावून घेतलं नाही. नाहीतरी ते सुविचार मला आवडत नसत.

पण ह्यांनी मनाला लावून घेतलं. दादाला काय वाटलं असेल, हे वाक्य बॅगा भरताना, व्हिसाचे फोटो काढताना, मुंबईच्या विमानतळावर वडापाव खाताना, पुन्हा पुन्हा आलं. मी हट्टाने दोन दिवस मिळवले होते खरे, पण ते ह्यांच्या मनाविरुद्ध मिळवलेले होते, आणि तसं माणूस सोबत असून काय उपयोग? विमानात ते खिडकीशी बसले आणि मान फिरवून झोपले. मी जागी होते. हे दोन दिवस असेच रुसून गेले तर मी कोणाला दोष देणार, याचा विचार करत होते. माझं गणित कधी चुकलेलं नव्हतं, आणि इथे चुकलं तर सांगायचीही सोय नव्हती.

हॉटेल मात्र मी म्हटलं तसंच निघालं, कणभर इकडे नाही की तिकडे. बैठी कौलारू घरं, मध्ये पांढऱ्या चाफ्याची झाडं, वाटेवर जागोजागी पानाच्या द्रोणात फुलं आणि तांदूळ ठेवलेले. ह्यांनी ते बघून नकळत हात जोडले. पलीकडे समुद्र, अगदी उथळ, लाटा पार लांब फुटणाऱ्या. अमरावतीत त्या दिवसांत कूलरही हात टेकतो, आणि इथे गार वारा. करण्यासारखं काहीच नव्हतं. त्या संतापलेल्या तरुणाने अक्षर न् अक्षर खरं लिहिलं होतं.

काउंटरवर कानाला फूल खोचलेला माणूस होता. त्याने माझं नाव यंत्रात बघितलं, उठून उभा राहिला आणि इंग्रजीत म्हणाला, परत आल्याबद्दल आभार, तुम्ही पुन्हा आमच्याकडे आलात याचा आनंद आहे. त्याने आम्हाला समुद्राच्या बाजूची मोठी खोली दिली, पॉइंट जास्त न घेता. हे माझ्याकडे बघतच राहिले.

‘तू इथं आधी येऊन गेली का?’

मी समजावलं की इथे नाही, पण यांच्याकडे आपली सगळी नोंद असते, आपण किती मुक्काम केले त्यावरून ते ओळख ठेवतात. ह्यांनी त्या माणसाला विचारलं, हिने किती केले? त्याने आकडा सांगितला. ह्यांनी मला मराठीत विचारलं, की हा माणूस चुकून तर नाही ना बोलून राहिला. मी म्हटलं, नाही, बरोबर आहे, आणि लॉजवरचे यात धरलेले नाहीत.

खोलीत फळं ठेवली होती, त्यात चारपाच हिरवट संत्री. धंद्याचा माणूस. ह्यांनी बूट काढायच्या आधी संत्रं सोललं, साल बोटांत दाबून बघितली, फोड चाखली, आणि रुसवा विसरून दादाला फोन लावला. पर्थला पोचलेले भासरे पडद्यावर आले. हे फोन घेऊन बाहेरच्या ओसरीत गेले. हा पाह्य समुद्र, ही पाह्य झाडं, साल जाड हाये पण रस बरा हाये. दादाही तिकडून विचारत होते, बगीचे दिसले का, भाव काय. बाली काय नि वरूड काय.

मी आत उभी होते. माझ्या दोन दिवसांतले पहिले काही क्षण समुद्राच्या काठावर दादा घेऊन गेले होते. मला रडू आलं नाही, मी रडणारी बाई नाही. मला एकदम थकवा आला. रात्रभरचा प्रवास झालेला, जेवणाआधी थोडं पडावं म्हटलं. बॅग उघडली, साडी बदलली, आणि खोली माझ्या रोजच्या पद्धतीने लावून घेतली.

हात आपलं काम करत होते, माझं लक्ष नव्हतं. बॅगेच्या बाजूच्या कप्प्यातून पुरुषाची चप्पल काढली, दार उघडून बाहेर ठेवली, जरा तिरपी, नुकतीच कोणी काढल्यासारखी. दार लावलं. कुलूप फिरवलं, वरची साखळी घातली. कोपऱ्यातली जड खुर्ची ओढत आणून तिची पाठ दाराच्या मुठीखाली अडकवली. खुर्चीच्या कडेवर काचेचा ग्लास ठेवला, दार हललं तर पडून आवाज होईल असा. मग वळले, तर हे ओसरीच्या दारात उभे. हातात फोन, फोनमधून दादांचा आवाज येत होता की दिसून नाही राहिलं, समुद्र दाखव ना.

ह्यांनी ग्लासकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं. मग पुढे येऊन एकेक गोष्ट उलट्या क्रमाने काढली. ग्लास उचलून टेबलावर ठेवला. खुर्ची सरकवली. साखळी काढली, कुलूप फिरवलं, दार उघडलं, आणि वाकून ती चप्पल आत आणली. काळ्या चामड्याची, अंगठ्यापाशी झिजलेली, वरूडच्या चांभाराने कधीकाळी शिवून दिलेली.

‘हे तं माही चप्पल हाये,’ ते म्हणाले. ‘हे एका लग्नात हरपली होती.’

‘हरपली नव्हती. मी नेली होती.’

मी सांगितलं. सांगण्यासारखं फार नव्हतं. लॉजचे दिवस होते तेव्हा सुरू केलं. एकटी बाई उतरली की कोणी ना कोणी दार वाजवायचं, पाणी पाहिजे का, टॉवेल पाहिजे का. एकदा एका गावी कोणी काही न विचारता बाहेरून कडी हलवत राहिलं, बराच वेळ. ते कोण होतं मला आजवर कळलं नाही. पुढच्या दौऱ्याला मी ही चप्पल घेतली. तुमच्या पायाचा नंबर मोठा, दुरूनच पुरुषाची दिसते. नंतर चांगली हॉटेलं आली, खाली पहारेकरी आले, पण चप्पल बॅगेतच राहिली. मी काही घाबरत नव्हते. मी सगळे दौरे केले, एकही सोडला नाही. फक्त खोली अशी लावून घेतल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

हे पलंगाच्या कडेला बसले. चप्पल मांडीवर. काउंटरवरच्या माणसाने सांगितलेल्या आकड्याचा ते मनात हिशेब करत असावेत, असं मला वाटलं.

‘मले कावून सांगितलं नाही?’

‘सांगितलं असतं तं तुमी नोकरी सोडाले लावली असती.’

मला वाटलं, नाही म्हणतील. आमच्याकडे अशा वेळी नाहीच म्हणतात. ह्यांनी बराच वेळ चपलेच्या अंगठ्यावरून बोट फिरवलं.

‘हो,’ ते म्हणाले. ‘लावली असती.’

फोनमधून दादा पुन्हा हॅलो म्हणाले. ह्यांनी फोन तोंडाशी धरून सांगितलं की दादा, ठेवतो, आता परवा भेटू, आणि तो बंद करून कपाटात टाकला. मग दाराशी गेले. दार नुसतं लोटलं, साखळी तशीच लोंबत ठेवली. ती जड खुर्ची ओढून पलंगाजवळ आणली आणि तिच्यात बसले, कंबर सांभाळत.

‘झोप तू. मी जागा हाओ.’

इतक्या वर्षांत हॉटेलच्या कुठल्याही पलंगावर मी दाराकडे तोंड करूनच झोपत आले होते. त्या दुपारी मी कूस बदलली आणि दाराकडे पाठ करून झोपले.